‘धोका इतके टक्के’ म्हणजे नक्की कुणाचा धोका? एंडोकार्डायटिसच्या एका गाजलेल्या कॅल्क्युलेटरची चिकित्सा

पीएच.डी.च्या मुलाखतीत किंवा जर्नल क्लबमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘एखादा पेपर क्रिटिकली वाचून दाखवा.’ बहुतेक जण मग सॅम्पल साइज लहान आहे, एकाच देशातला डेटा आहे, आणखी संशोधनाची गरज आहे अशी तीन वाक्यं म्हणून मोकळे होतात. ही वाक्यं कुठल्याही पेपरला लागू पडतात, त्यामुळे त्यातून हाती काहीच लागत नाही. आज एक खरा आणि चांगला पेपर घेऊन बघू. मुद्दाम चांगला घेतलाय. वाईट पेपरच्या चुका कुणालाही दिसतात, चांगल्या पेपरची मर्यादा शोधायला विचार करावा लागतो.

पेपर २०१३ सालचा, जर्नल ऑफ द अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीमधला. लेखक ह्यूबेर, थुनी, हबीब आणि सहकारी, म्हणजे मार्सेयच्या फ्रेंच गटातली मंडळी. विषय आहे इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिसच्या रुग्णात एम्बोलिझमचा धोका किती, हे आधीच सांगणारं कॅल्क्युलेटर. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार काय करावेत हे मी सांगणार नाही. पण प्रेडिक्शन मॉडेल हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि या पेपरमधून शिकण्यासारखं भरपूर आहे.

आधी आजार समजून घेऊ

इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुतेक वेळा झडपेला, झालेला जंतुसंसर्ग. झडपेवर जंतू, फायब्रिन आणि प्लेटलेट्स यांचा एक गोळा वाढतो. त्याला व्हेजिटेशन म्हणतात. झडप तर प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते, म्हणजे हा गोळा सतत झोके खात असतो. त्याचा तुकडा निसटला की रक्ताबरोबर वाहत जाऊन कुठेतरी अडकतो. हाच एम्बोलिझम. डाव्या बाजूच्या झडपेवरचा तुकडा मेंदूत गेला तर स्ट्रोक, प्लीहेत किंवा मूत्रपिंडात गेला तर तिथला भाग मरतो.

उपचार दोन. सगळ्यांना काही आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि काहींना शस्त्रक्रिया. अडचण वेळेची आहे. तुकडा निसटायचा धोका सुरुवातीलाच सर्वात जास्त असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात डाव्या बाजूच्या एंडोकार्डायटिसचे १४३७ रुग्ण होते. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात स्ट्रोकचं प्रमाण दर १००० रुग्ण-दिवसांमागे ४.८२ होतं, दुसऱ्या आठवड्यात ते १.७१ वर आलं. सोप्या हिशोबात पहिल्या आठवड्यात शंभरातल्या साधारण तिघा-चौघांना, दुसऱ्या आठवड्यात एखाद्याला. म्हणजे ‘औषध चालू आहे, थोडे दिवस बघू’ म्हणावं तर नेमके तेच दिवस घातक. आणि लगेच छाती उघडावी तर संसर्ग झालेल्या हृदयावर ऑपरेशन करण्याचा धोका वेगळाच.

त्यामुळे ‘या रुग्णाचा तुकडा निसटेल का?’ या प्रश्नावर एखाद्याचं उरलेलं आयुष्य बोलणं-चालणं शाबूत राहून जाईल की नाही, हे ठरू शकतं. कॅल्क्युलेटरची चिकित्सा करताना हे विसरायचं नाही.

पेपरने काय केलं?

निदान पक्कं झालेले सलग १०२२ रुग्ण अनेक केंद्रांतून घेतले. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ६७८ जणांवर मॉडेल बांधलं, उरलेल्या ३४४ जणांवर तपासलं. सहा महिन्यांत लक्षणं दाखवणारा एम्बोलिझम दोन्ही गटांत साधारण ८.५ टक्के लोकांना झाला. शेवटी सहा घटक मॉडेलमध्ये राहिले: वय, मधुमेह, एट्रियल फिब्रिलेशन, अँटिबायोटिकच्या आधीच झालेला एम्बोलिझम, व्हेजिटेशनची लांबी आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू. सहा उत्तरं भरा, टक्केवारी मिळवा.

आधी श्रेय देऊ. या पेपरच्या आधी चर्चा बरीचशी एकाच आकड्याभोवती फिरायची, व्हेजिटेशन १० मिलिमीटरपेक्षा मोठं की लहान. ९ आणि ११ मिलिमीटरमध्ये निसर्ग कुंपण घालत नाही, पण निर्णय मात्र जणू कुंपण असल्यासारखे व्हायचे. या गटाने लांबीला इतर पाच गोष्टींच्या सोबतीला बसवलं, ‘हो-नाही’ऐवजी टक्केवारी दिली आणि तीही काळाशी जोडून. आणखी एक, त्यांनी अँटिबायोटिक सुरू झाल्यानंतरचा एम्बोलिझम मोजला. रुग्ण दवाखान्यात येण्याआधी काय घडलं हे आपण बदलू शकत नाही, त्यामुळे डॉक्टरच्या उपयोगाचा प्रश्न हाच. एंडोकार्डायटिसचे पेपर वाचताना हा फरक पाहिलाच पाहिजे. याच गटाच्या २००५ सालच्या ३८४ रुग्णांच्या अभ्यासात एकूण एम्बोलिझम ३४.१ टक्के होता, पण अँटिबायोटिक सुरू झाल्यानंतरचा फक्त ७.३ टक्के. एकच आजार, एकच अभ्यास, दोन आकडे. कुठला आकडा कशाचा आहे हे न बघता तुलना केली की गोंधळ ठरलेला.

पहिला खटका: ०.७२ पासून ०.६५ पर्यंत

मॉडेल धोक्याची क्रमवारी किती बरोबर लावतं हे सी-स्टॅटिस्टिक सांगतं. एक एम्बोलिझम झालेला रुग्ण घ्या आणि एक न झालेला. मॉडेलने पहिल्याला जास्त धोका दिला का? अशा शंभर जोड्यांत किती वेळा बरोबर, तो हा आकडा. नाणं उडवून ५० वेळा बरोबर येतं. या मॉडेलला बांधणीच्या गटात ७२ वेळा आलं आणि तपासणीच्या गटात ६५ वेळा.

घसरण होणं स्वाभाविक आहे. ज्या डेटावर मॉडेल शिवलं त्याच्या अंगावर ते बसणारच. पण दोन गोष्टी बघा. पहिली, तपासणीचा गट परका नव्हता. त्याच केंद्रांतले, त्याच काळातले, त्याच डॉक्टरांनी त्याच सवयीने नोंदवलेले रुग्ण, फक्त चिठ्ठीने वेगळे काढलेले. २०१५ साली आलेल्या ट्रायपॉड या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा विभागणीला बाहेरची तपासणी मानलेलं नाही. पेपर त्याच्या दोन वर्षं आधीचा आहे, त्यामुळे लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज वाचताना आपण ‘व्हॅलिडेटेड’ हा शब्द डोळे झाकून घ्यायचा नाही. घरातच इतकं घसरलं तर परगावी काय, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरी गोष्ट, ३४४ रुग्णांचे ८.५ टक्के म्हणजे अंदाजे २९ घटना. तपासणीची ताकद रुग्णांच्या संख्येत नसते, घटनांच्या संख्येत असते. बाहेरच्या तपासणीसाठी किमान १०० घटना असाव्यात असा ढोबळ नियम संख्याशास्त्रज्ञ सांगतात. २९ घटनांवर ०.६५ हा आकडा बराच इकडेतिकडे होऊ शकतो, चांगल्या दिशेनेही आणि वाईट दिशेनेही. बांधणीच्या गटातही हिशोब साधारण ५८ घटनांचा येतो. सहा घटकांसाठी ते जेमतेम आहे, आणि निवड होण्याआधी तपासलेले घटक सहापेक्षा जास्त असणार.

तुमच्या वहीत लिहून ठेवा: पेपरमध्ये ‘एन’ दिसला की आधी घटना किती ते शोधा.

दुसरा आणि मोठा खटका: ज्यांचं ऑपरेशन झालं ते कुठे गेले?

हा या पोस्टचा गाभा आहे, थोडं सावकाश वाचा.

एंडोकार्डायटिसमध्ये ऑपरेशन हा अपवाद नाही. २०१६ ते २०१८ मध्ये ४० देशांतले ३११६ रुग्ण नोंदवणाऱ्या युरो-एंडो रजिस्ट्रीत साधारण निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. व्हेजिटेशन काढलं की त्याचा तुकडा निसटायचा प्रश्नच मिटतो. आणि डॉक्टर ऑपरेशनसाठी कुणाला निवडतात? इतर कारणांबरोबर, ज्याचं व्हेजिटेशन बघूनच छातीत धस्स होतं त्याला.

आता एक काल्पनिक उदाहरण. मोठं व्हेजिटेशन असलेले १०० रुग्ण आहेत. ६० जणांचं तीन दिवसांत ऑपरेशन झालं. राहिलेल्या ४० पैकी चौघांना पुढे एम्बोलिझम झाला. तर मोठ्या व्हेजिटेशनचा धोका किती? शंभरात चार? की चाळिसात चार, म्हणजे १० टक्के?

पहिलं उत्तर सांगतं की सर्जन आत्ता जसे वागतात तसेच वागत राहिले, तर शंभरातल्या चौघांना एम्बोलिझम होईल. हे खरं आहे, पण पलंगाशेजारी उभ्या डॉक्टरचा प्रश्न हा नाही. त्यांना विचारायचंय, ‘मी आज ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?’ त्यासाठी ४ टक्के हा आकडा फसवा आहे, कारण तो कमी आहे तोच मुळी ऑपरेशनमुळे. ‘धोका फक्त चार टक्के आहे, थांबू या’ असं कुणी म्हटलं, तर ज्या उपचाराने धोका कमी ठेवला तोच उपचार त्या आकड्याच्या भरवशावर टाळला जाईल.

दुसरं उत्तर, १० टक्के, प्रश्नाच्या जवळ जातं, पण त्यात एक गृहीतक लपलंय. ऑपरेशन झालेले ६० आणि न झालेले ४० सारखेच होते असं आपण धरून चाललो. तसं नसतं. ६० जणांत व्हेजिटेशन जास्त झोके खाणारे असतील. उलट, ४० जणांत काही इतके खालावलेले असतील की सर्जननेच नकार दिला. सर्व्हायव्हल अ‍ॅनॅलिसिसच्या भाषेत, ऑपरेशनच्या दिवशी रुग्णाला सेन्सॉर केलं तर ते सेन्सॉरिंग धोक्याशी निगडित असतं. आणि नेहमीची गणितं नेमकं हेच नाही असं धरतात.

म्हणून कुठलंही एम्बोलिझम मॉडेल हातात आलं की मेथड्समध्ये आधी एकच गोष्ट शोधा, ऑपरेशन झालेल्यांचं काय केलं. सेन्सॉर केलं, स्पर्धक घटना धरली, की मोजतच राहिले? प्रत्येक पर्याय वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि पडद्यावर मात्र तिघांचंही उत्तर ‘धोका अमुक टक्के’ असंच दिसतं. फ्रेंच कॅल्क्युलेटर अशा केंद्रांतून आलं आहे जिथे शस्त्रक्रियेची सोय आणि सवय दोन्ही आहेत. तिथली टक्केवारी तिथल्या सर्जनच्या सवयीसकट येते. सहा रकान्यांत ‘तुमच्याकडे ऑपरेशन किती लवकर होतं?’ हा सातवा रकाना नाही.

याच ठिकाणी २०१२ सालची दक्षिण कोरियातली ‘ईझ’ ट्रायल आठवायला हवी. मोठं व्हेजिटेशन आणि झडपेचा गंभीर बिघाड असलेले ७६ रुग्ण चिठ्ठीने दोन गटांत टाकले. ३७ जणांचं ४८ तासांच्या आत ऑपरेशन, ३९ जणांना नेहमीचा उपचार. सहा आठवड्यांत पहिल्या गटात एकही एम्बोलिझम नाही, दुसऱ्यात आठ, म्हणजे २१ टक्के. सहा महिन्यांतल्या मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक नव्हता. ट्रायल लहान आहे, निवडक रुग्णांची आहे. पण तिने ‘ऑपरेशन लांबवलं तर काय’ हा प्रश्न सरळ विचारला. १०२२ रुग्णांच्या मॉडेलला जे नीट विचारता येत नाही ते ७६ जणांच्या ट्रायलला विचारता आलं, कारण तिथे गट कुणी निवडले नव्हते. डेटा मोठा असणं आणि प्रश्न बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा खटका: मिलिमीटर आणि लक्षणं

व्हेजिटेशनची लांबी इकोवर मोजतात, बहुतेकदा अन्ननलिकेतून प्रोब घालून. पण विचार करा, तुकडा आधीच निसटून गेला असेल तर झडपेवर काय उरेल? लहान व्हेजिटेशन! म्हणजे सर्वात वाईट घटना घडून गेलेल्या रुग्णाची लांबी ‘सुरक्षित’ दिसू शकते. या मॉडेलने आधीचा एम्बोलिझम हा वेगळा घटक ठेवला, त्यामुळे ही अडचण थोडी सावरली जाते. एकटी लांबी वापरणाऱ्या नियमांना हे भान नसतं.

दुसरीकडे, मोजलं ते लक्षणं दाखवणारं एम्बोलिझम. २०१० साली फ्रान्समध्येच १३० रुग्णांचा मेंदूचा एमआरआय सरसकट केला तेव्हा ८२ टक्क्यांत काही ना काही दोष दिसला. त्यात गुठळीचे परिणाम होते तसे सूक्ष्म रक्तस्रावही होते. म्हणजे ‘एम्बोलिझम झाला नाही’ या रकान्यात न बोललेले एम्बोलिझम बरेच असणार. लक्षणांची व्याख्या घेणं चूक नाही, रुग्णाला त्रास लक्षणांचाच होतो. पण मग ‘अँटिबायोटिकच्या आधीचा एम्बोलिझम’ हा घटक स्कॅन किती उत्साहाने केले यावर अवलंबून राहतो. जे हॉस्पिटल सगळ्यांचे स्कॅन करतं तिथे हा रकाना जास्त वेळा ‘हो’ भरला जाईल, रुग्ण तेच असले तरी.

चौथा खटका: आपल्या वॉर्डात हे चालेल का?

युरो-एंडोमध्ये रुग्णांचं सरासरी वय सुमारे ५९. चंदीगडच्या पीजीआयमधून १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या १९० एपिसोड्सच्या अभ्यासात सरासरी वय होतं सुमारे २५, आणि मुळाशी असलेला सर्वात मोठा आजार संधिवाताच्या तापाने, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हरने, खराब झालेली झडप. चित्र तेव्हापासून बदलत आलं आहे, पण र्‍हुमॅटिक झडपा आपल्याकडून गेलेल्या नाहीत.

आता एकेक रकाना घ्या. वय: साठीच्या आसपासच्या लोकांवर शिकलेला वयाचा परिणाम पंचविशीतल्या रुग्णाला लावणं म्हणजे नकाशाच्या कडेबाहेर गाडी चालवणं. एट्रियल फिब्रिलेशन: युरोपात ते बरेचदा वयाबरोबर येतं, आपल्या तरुण रुग्णात अरुंद झालेल्या मायट्रल झडपेमुळे येऊ शकतं. तिथे डाव्या कर्णिकेतही गुठळी होते, म्हणजे एम्बोलिझमला व्हेजिटेशनशिवाय दुसराही स्रोत. त्याच शब्दाखाली वेगळी यंत्रणा, तर गुणांक तोच कसा राहील?

आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो रकाना भरायला ब्लड कल्चर पॉझिटिव्ह यावं लागतं. आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत अनेकांच्या पोटात दोन-तीन अँटिबायोटिक गेलेली असतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. मग तुम्ही रकान्यात ‘नाही’ भरणार. पण या ‘नाही’चे दोन अर्थ झाले, ‘दुसराच जंतू सापडला’ आणि ‘काही सापडलंच नाही’. कॅल्क्युलेटर दोन्हींना एकच मानतो आणि टक्केवारी खाली आणतो. माहिती नसणं हे सुरक्षित असण्यासारखं मोजलं जातं. माझ्या मते भारतीय वॉर्डात या कॅल्क्युलेटरचा सगळ्यात धोकादायक भाग हा आहे, आणि तो सी-स्टॅटिस्टिक बघून कळत नाही.

मग कॅल्क्युलेटर टाकून द्यायचं?

अजिबात नाही. सहा घटकांची नावं उपयोगाची आहेत. मोठं व्हेजिटेशन, ऑरियस आणि आधीचा एम्बोलिझम एकत्र आले तर लवकर बोलणी सुरू करा, ही दिशा इतर अभ्यासांशीही जुळते. २०१८ सालच्या एका मेटा-अ‍ॅनॅलिसिसमध्ये २१ अभ्यासांतले ६६४६ रुग्ण एकत्र केले, तेव्हा १० मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्हेजिटेशनमध्ये एम्बोलिझमचा ऑड्स रेशो २.२८ आला. कमी कुणाचा आणि जास्त कुणाचा, हे विचारायला कॅल्क्युलेटर मदत करतं. ‘अमुक टक्क्यांच्या खाली आहे म्हणून थांबलं तरी चालेल’ हे वाक्य मात्र त्याच्या तोंडी घालू नये. त्या वाक्यासाठी लागणारा प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता.

संशोधनाला विषय शोधत असाल तर इथे मोकळी जागा दिसतेय बघा. भारतीय रुग्णांवर नीट बाहेरची तपासणी, ज्यात कल्चर निगेटिव्ह हा वेगळा वर्ग असेल. किंवा रजिस्ट्रीच्या डेटावर ‘ठरावीक दिवसाआत ऑपरेशन केलं विरुद्ध थांबलं’ अशी ट्रायलची नक्कल, ज्याला टार्गेट ट्रायल इम्युलेशन म्हणतात. त्यात ऑपरेशन झालेल्यांना गायब न करता, ते का निवडले गेले याचं वजन धरून हिशोब करता येतो. एका हॉस्पिटलच्या डेटावर हे होणार नाही, घटना पुरणार नाहीत. चार-पाच केंद्रं एकत्र आली तरच. गाईडशी बोलताना हा घटनांचा हिशोब कागदावर मांडून घेऊन जा, पहिल्या पाच मिनिटांत तोच विचारला जाईल.

आणि मुलाखतीत ‘क्रिटिकली वाचा’ म्हटलं की सॅम्पल साइजपासून सुरुवात करू नका. आधी विचारा: हा आकडा कुठल्या निर्णयासाठी वापरला जाणार आहे, आणि तोच निर्णय आधीच कुणीतरी घेऊन या डेटात मिसळलेला आहे का? एंडोकार्डायटिसमध्ये तो निर्णय ऑपरेशनचा आहे. तुमच्या विषयात तो दुसरा असेल, पण बहुतेक वेळा असतोच.

कुणाला मूळ पेपर मेथड्ससकट एकत्र बसून वाचायचा असेल तर कळवा, पुढच्या पोस्टमध्ये कॅलिब्रेशनचा आलेख कसा वाचायचा ते घेऊ.